‘इतर’मध्ये गेलेली बाई

६ मार्च

ताई,

मी तुझ्या गावात आले आणि तू नेमकी गावात नाहीस. तू बाबांचं मोडलेलं हाड सांभाळायला माहेरी, आणि मी तुझ्याच वॉर्डात दारोदार. तुझा मोबाइल तू भावोजींच्या कार्यालयात ठेवून गेलीस म्हणे, लोकांकडे तोच नंबर आहे म्हणून. बाबांच्या घरचा फोन त्यांच्या उशाशी. म्हणजे तुझ्याशी बोलायचं तर नवऱ्याच्या कानातून नाहीतर बापाच्या कानातून. त्यापेक्षा टपाल बरं.

आमच्या कंपनीला इथल्या एका वर्तमानपत्राने काम दिलंय. नगरपालिकेच्या निवडणुकीआधी लोकांचा कौल घ्यायचा: कोणता उमेदवार आवडतो, भागातला मोठा प्रश्न कोणता, वगैरे. मला हाच वॉर्ड मिळाला. इथले नगरसेवक माझ्या बहिणीचे यजमान आहेत हे मी कंपनीला सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. जगाला प्रश्न विचारणाऱ्यांना आपल्या माणसांना प्रश्न विचारायचं सुचत नाही.

ताई, तुम्ही लोक कसल्या माणसांत राहता गं? पहिल्याच दारात एक गृहस्थ छाती काढून म्हणाले, “मतदान गुप्त असतं, मॅडम.” मी वळले, तर फाटकापर्यंत मागे आले आणि स्वतःचं मत, बायकोचं मत, शेजाऱ्याचं मत आणि शेजाऱ्याच्या घरातली भांडणं, सगळं सांगून मोकळे झाले. दुसऱ्याने मलाच विचारलं, “कोण येतंय निवडून?” म्हटलं, तेच तर विचारायला आलेय. “मग जो येतोय त्यालाच माझं लिहा. उगाच मत वाया नको जायला.” भागातला सर्वांत मोठा प्रश्न कोणता, असं एका आजीबाईंना विचारलं. म्हणाल्या, “सून.” तेवढ्यात आतून सून पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “तुमच्या यादीत सासू आहे का?”

आणि उमेदवार! सिमेंटवाला रस्ता करतो, उखडतो, पुन्हा करतो. दोन्ही वेळा सिमेंट त्याचंच. कराटेचे सर पोस्टरवर एक तंगडी वर करून उभे आहेत, खाली लिहिलंय, ‘भ्रष्टाचाराला लाथ’. त्यांचा मांडीचा शिवणटाका उसवलाय, तो पोस्टर छापणाऱ्यालाही दिसला नाही. तिसरे आपले भावोजी. नजर आभाळाकडे. खाली बघितलं तर गटार दिसेल, म्हणून असेल.

बाबांना सांग, मी आठवण काढली. काढली नाहीये, पण सांग.

बारकी

•

१० मार्च

बारके,

तुझं पत्र वाचून हसले, मग बाबांनी विचारलं काय हसतेस, म्हणून दुसऱ्या खोलीत जाऊन हसले.

बाबांचं हाड जुळतंय, स्वभाव जुळायचं नाव नाही. वजनमापं खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. औषधाचा चमचा खोटा आहे, पाच मिली भरत नाही, असं रोज सकाळ-संध्याकाळ सांगतात. दुकानदाराला नोटीस पाठवायचीय त्यांना. मी म्हटलं, आधी उठून बसा.

यांच्याबद्दल जरा सांभाळून लिही गं. आभाळाकडे बघायला त्यांना फोटोग्राफरने सांगितलं असेल. ते सांगितलेलं ऐकतात. एकदा घरी जाऊन ये, भांडू नकोस. कार्यालयात एक माणूस असतो, यांच्यासमोर ‘होय साहेब’ याच्यापुढे त्याचं वाक्य जात नाही. आम्ही त्याला होयबाच म्हणतो. तो तुला चहा देईल.

निघायच्या गडबडीत यांनी माझीही एका उमेदवारी अर्जावर सही घेतली. यांचा अर्ज छाननीत उडालाच तर घरातलं कोणीतरी असावं, म्हणून अपक्ष. आता यांचा मंजूर झालाय. माझा मागे घेतला की संपलं.

एक विचारायचं होतं. लोक पाण्याबद्दल काय म्हणतात? वरच्या गल्लीत चढतंय का? सहज विचारतेय.

ताई

•

१४ मार्च

ताई,

वरच्या गल्लीत पाणी चढत नाही. तुला काय करायचंय त्याचं? तू आपली चमचे मोज.

जाऊन आले तुझ्या यजमानांकडे. कार्यालयात भिंतभर त्यांचेच फोटो: फीत कापताना, नारळासारखा चेहरा करून भाषण देताना, खड्ड्याकडे बोट दाखवताना. तो खड्डा कार्यालयाच्या दारातच आहे, अजून आहे, मी त्यात पाय घालूनच आत गेले. तुझा मोबाइल टेबलाच्या खणात वाजत होता. मी म्हटलं, उचला ना. भावोजी म्हणाले, “वाजू दे. लोकांना सवयच लागलीय.” होयबा म्हणाला, “होय साहेब.” मग भावोजींनी मला लोकशाही म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चहा आलाच नाही. चहा कोण करतं हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

आता एक गंमत. आमच्या यादीत एक प्रश्न आहे: ‘पालिकेचं काम अडलं तर तुम्ही कोणाकडे जाता?’ पर्याय असे: नगरसेवक, पक्षाचं कार्यालय, अधिकारी, इतर. मी विचारते, आणि जो तो म्हणतो, “बाईंकडे.” कोण बाई? “आमच्या बाई.” पुढे काही नाही, जशी काही सगळ्या जगाला ही बाई ठाऊक आहे. मला वाटलं, शाळेतल्या कोणी बाई असतील. शाळेत चौकशी केली, तर तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आम्हीसुद्धा बाईंकडेच जातो.” टॅबलेटवर ‘बाई’ असा पर्याय नाही, म्हणून मी सगळ्यांना ‘इतर’मध्ये टाकते. तुझ्या वॉर्डात सध्या ‘इतर’ची लाट आहे. कोण गं ही भवानी? हिला उभं का नाही करत कोणी?

ताई, रागावू नकोस, पण त्या कार्यालयात बसून मला तुझी कीव आली. शाळेत तू माझ्यापेक्षा हुशार होतीस. आणि या फुग्याला वर्षानुवर्षं चहा करून घालतेस, वर मला लिहितेस, जरा सांभाळून लिही. त्याच्यापेक्षा मला तुझाच जास्त राग येतो. तो मूर्ख आहे, त्याला इलाज नाही. तुला काय झालंय?

बारकी

•

१७ मार्च

बारके,

बाई असेल कोणीतरी. गावात बायकांची काय कमी आहे?

एक काम कर. वरच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी बसतो. त्याला सांग, टाकीजवळचा व्हॉल्व्ह हल्ली अर्धाच उघडतात, म्हणून पाणी चढत नाही. पाणीखात्यात दोन टेबलं आहेत. खिडकीजवळच्या टेबलावर जो असतो त्याच्याकडे जाऊ नकोस, तो झोपलेला असतो आणि उठवलं की नियम सांगतो. दुसऱ्याकडे जायचं. त्याला म्हणायचं, बाईंनी सांगितलंय, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, नाहीतर मी परत आल्यावर तुमच्या साहेबांच्या केबिनमध्ये बसून राहीन. तो उघडेल.

कीव पोचली. जपून ठेवली आहे. बाबांना लागेल.

ताई

•

२२ मार्च

ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तरीही खात्री करायला शिंप्याकडे गेले. कापडावरून मान वर न करता तो म्हणाला, “बाई म्हणजे नगरसेवकांच्या मिसेस. वडिलांचं हाड मोडलं म्हणून गेल्यात. त्या गेल्या आणि गल्लीचं पाणी गेलं.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्ही त्यांच्या कोण? नाक तेच आहे.” व्हॉल्व्हचा निरोप दिला, तर पाणीखात्यात मीच जातो म्हणाला.

तू मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं! मला वाटायचं तू स्वयंपाकघरात. आणि तू रोज सकाळी त्या टेबलाशी बसून लोकांचे अर्ज लिहितेस, पाणीखात्यातल्या माणसांना दम भरतेस, रुग्णालयात खाट मिळवून देतेस. सही भावोजींची, बाकी सगळं तुझं. मी तुझ्याबद्दल काय काय लिहिलं गेल्या पत्रात! माफी मागणार नाही, कारण तू मुद्दाम लिहू दिलंस.

पण पुढचं ऐक, ते वाईट आहे.

‘इतर’चा आकडा बघून आमचा पर्यवेक्षक घाबरला. हा माणूस इस्त्रीच्या शर्टात राहतो, आत कोणी नाही. म्हणाला, “इतर एवढं मोठं येत नसतं. चूक आहे.” मी म्हटलं, चूक नाही, ती एक खरी बाई आहे. कोण, तेही सांगितलं, आणि माझी बहीण आहे हेही सांगून टाकलं. त्याने लगेच भावोजींना फोन केला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्यासमोर. मी उभी, ते दोघे बसलेले.

भावोजी आधी जरा ओशाळले. चेहऱ्यावर खरोखर काहीतरी हललं, मला वाटलं आता हा माणूस काही बोलेल. मग ते हसले. “अहो, यात कसला घोटाळा? बाई म्हणजे माझी बायको. माझी बायको म्हणजे मीच.”

होयबा म्हणाला, “होय साहेब.”

मी म्हटलं, “लोकांनी तुमचं नाव घेतलं नाही. तुमचा पर्याय समोर होता, तो सोडून त्यांनी बाई सांगितलं.”

“एकाच घरातली दोन नावं कशाला?” पर्यवेक्षक म्हणाला. “एका घराचं एकत्र धरू.” आणि माझ्यासमोर टॅबलेट घेऊन त्याने सगळ्या बायका, म्हणजे सगळ्या ‘बाई’, नगरसेवकांच्या खात्यात ओतल्या. मी टॅबलेट हिसकावायला गेले. हिसकावला नाही, पण त्याचा शर्ट चुरगळला. त्यामुळे मला आजपासून या वॉर्डातून काढलंय. दुसऱ्या गावी पाठवतायत.

छापून येईल ते वाचू नकोस. आणि एक सांगते, या लोकांसाठी जीव टाकू नकोस. सगळे मला बाई-बाई सांगत होते. एकाने तरी कधी तुला विचारलं का, बाई, तुम्हीच का नाही उभ्या राहत? त्यांना तू पाण्यासारखी हवीस. नळ सोडला की आली पाहिजेस, नाव कशाला हवं?

बारकी

•

२७ मार्च

बारके,

छापून आलेलं वाचलं नाही, ऐकलं. बाबा चष्मा लावून मोठ्याने वाचतात. ‘विद्यमान नगरसेवकांच्या कामावर नागरिक खूश.’ आकडे वाचून झाल्यावर म्हणाले, “यात मापात पाप आहे.” त्यांना काहीच माहीत नव्हतं, नुसत्या वासाने सांगितलं.

आकड्यांचं मला काही वाटलं नाही. माझं काम यांच्या नावावर जातं हे मला नवीन नाही, मीच ते घालत होते. पण खाली यांची मुलाखत होती. बाबांनी तीही वाचली. ‘माझ्या पत्नीला राजकारणातलं काही कळत नाही, पण मी सांगतो तसं ती आल्यागेल्याला चहापाणी विचारते. तिचीही साथ आहे.’ बाबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी उठून त्यांची उशी सारखी केली. ती सारखीच होती.

बारके, तुला वाटत होतं मी यांना देव मानते. मी यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखलं होतं. हे म्हणजे नुसती पाटी आहेत. पण पालिकेचं दार पाटी बघूनच उघडतं. मी ती हातात धरून आत जात होते. तुला कीव आली. मला यांची कधी कीवसुद्धा आली नाही. पाटीवर कोण रागावतं? एवढंच की पाटी कधी बोलेल असं वाटलं नव्हतं. ती बोलली, आणि म्हणाली, हिला काही कळत नाही.

काल सकाळी होयबा गाडी घेऊन आला. अर्ज मागे घ्यायचा कालचा शेवटचा दिवस होता. कागद तयार, पेनसुद्धा त्याचंच. मी त्याला बसायला सांगितलं, चहा दिला.

“वहिनी, इथे सही. दुपारच्या आत पोचायला हवं.”

“वाचू तरी दे.”

“नेहमीचंच आहे वहिनी. साहेबांनी बघितलंय.”

“साहेबांनी बघितलंय ना? मग मला दोनदा वाचायला हवं.”

मी खरंच दोनदा वाचलं. ‘मी स्वखुशीने माझी उमेदवारी मागे घेत आहे.’ स्वखुशीने! इतकी वर्षं कोणी माझी खुशी विचारली नाही आणि मागे घ्यायची वेळ आली तेव्हा माझी खुशी आठवली.

मी म्हटलं, “साहेबांना सांग, बाईंची खुशी नाहीये.”

त्याचा कप तसाच राहिला. बिचाऱ्याला ‘होय’ म्हणावं की काय तेच कळेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला साहेबांना सांगायला दुसरा शब्द लागला असेल. मग त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. हे पलीकडून ओरडत होते, “वेड लागलंय का तुला? माझ्याविरुद्ध उभी राहणार?” मी म्हटलं, “तुमच्याविरुद्ध कशाला? तुम्ही तुमच्या बाजूला, मी माझ्या.” “लोक हसतील!” “मग हसू देत. तुमच्या भाषणांना तरी कुठे हसतात?”

बाबा पलंगावरून म्हणाले, “सही करून टाक. घर फुटेल.”

म्हटलं, “घर फुटत नाही बाबा, पाइप फुटतो. तो मी दुरुस्त करून आणते.”

होयबा दुपारपर्यंत बसला. तो गेल्यावर मी सिंकमधली धुतलेली भांडी पुन्हा धुतली.  बाबा मागून म्हणाले, “जायचं कधी? मला खुर्चीत बसवता येईल का?”

ताई

•

३१ मार्च

ताई,

मी आता साबणाबद्दल विचारते. कंपनीने मला साबणावर टाकलंय. साबणाच्या बाबतीत माणसं बरीच खरी बोलतात.

तुझं पत्र वाचून रस्त्यात उभी राहून मोठ्याने ओरडले, एक कुत्रा पळाला. पण ताई, तू पडशील. हे मी तुला बहीण म्हणून नाही, धंद्यातली म्हणून सांगते. माणूस दारात उभा राहून जे सांगतो आणि पडद्यामागे जे करतो, त्यात आमची अख्खी कंपनी जगते. तुझ्या गावातली माणसं जिंकणाऱ्याच्या बाजूची आहेत. सिमेंटवाला शेवटच्या दोन दिवसांत काहीतरी वाटेल, निदान आश्वासनं वाटेल. कराटे सर तंगडी खाली करतील आणि त्याला सामील होतील. आणि तू आणि भावोजी एकमेकांची मतं खाल. ज्यांनी तुला इतकी वर्षं वापरलं ते मतदानाच्या दिवशी म्हणतील, बाई काय, आहेतच की, त्या कुठे जातायत?

मला त्यांची इतकी घाण वाटते की विचारू नकोस. तुला पडलेली बघायला लागली तर जास्त वाटेल. उभी राहा, पण त्यांच्यावर विश्वास ठेवून नको.

सुट्टी मिळत नाहीये. मागितली तर म्हणाले, कारण लिहा. मी लिहिलं, ‘बहीण’. नामंजूर.

बारकी

•

२० एप्रिल

बारके,

पडले. तू सांगितलंस तस्सं, अगदी कराटे सरांच्या तंगडीसकट. सिमेंटवाला निवडून आला. मी दुसरी. हे तिसरे, आणि बरेच मागे. मला वाटलं होतं तुला ‘मी सांगितलं नव्हतं का’ म्हणायची संधी मिळू नये, पण मिळालीच तर आता म्हणून घे.

प्रचारात मजा आली, खोटं कशाला बोलू? एकाच घरातून दोन उमेदवार निघायचे, एकाच किटलीतला चहा पिऊन. हे उजवीकडे वळायचे, मी डावीकडे. घरात बोलणं बंद. यांचे मोजे कुठे आहेत ते होयबा मला येऊन विचारायचा. बाबा चाकांच्या खुर्चीत. वरच्या गल्लीचा चढ चढवताना शिंप्याने आणि मी मिळून ढकलली खुर्ची. बाबा दारोदार सांगायचे, “माझी मुलगी आहे. तोंडाने फटकळ आहे, पण मापात खोट नाही.” माझ्यासमोर त्यांनी हे आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही दुसऱ्याच्या दारात. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मतमोजणीनंतर आम्ही घरी आलो. हे दारातच थांबले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, “तुझ्यामुळे पडलो मी.”

मी म्हटलं, “पडायला आधी उभं राहावं लागतं. तुम्ही कधी उभे होतात?”

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. खुर्चीत बसले. मग म्हणाले, “लोक खरंच तुझंच नाव सांगत होते?” मी म्हटलं, “बारकीला विचारा.”  दोन दिवसांनी बॅग भरून भावाकडे गेले. परत येतील, त्यांचं तिथे कोणी ऐकून घेणार नाही. आले तर दार उघडीन. त्यापुढचं अजून ठरवलेलं नाही आणि घाईही नाही.

खरं लिहायचं होतं ते पुढचंच. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशिरापर्यंत झोपायचं ठरवलं होतं. दारावर थाप. उघडते तर नेहमीची रांग! कोणाच्या दिव्याचा खांब वाकलाय, कोणाच्या घरात गटाराचं पाणी शिरलंय, वरच्या गल्लीतल्या चार बायका रिकाम्या बादल्या घेऊन. जणू काही झालंच नाही. मी दारातच हात कमरेवर ठेवून उभी राहिले.

“मी पडलेय,” म्हटलं. “कळलं ना?”

एकजण म्हणाली, “हो ना बाई, फार वाईट वाटलं. आम्ही तुम्हालाच दिलं होतं.”

मागचा म्हणाला, “आमच्या घरची सगळी तुम्हालाच.” मग पुढून, मागून, सगळीकडून तेच: आम्ही तुम्हालाच, आम्ही तुम्हालाच. बारके, त्या रांगेत तरी मी बिनविरोध निवडून आले. शिंपी तेवढा काही बोलला नाही. त्याने मला मत दिलं असणार.

त्या क्षणी मला सगळ्यांचा असा काही तिटकारा आला की दार लावून घ्यावंसं वाटलं. तू लिहिलं होतंस ना, नळ सोडला की आली पाहिजेस, तेच डोक्यात घुमत होतं. बादलीवाल्यांपैकी एकीने तर सिमेंटवाल्याने वाटलेलीच बादली आणली होती. त्याचं नाव होतं त्यावर, मोठ्या लाल अक्षरांत. तिला ती लपवायचंही सुचलं नव्हतं.

मी दार लावलं. आत जाऊन चप्पल घातली, आणि पुन्हा उघडलं.

“चला,” म्हटलं.

“कुठे बाई?”

“नगरसेवकांकडे. निवडून दिलेत ना? मग त्यांना बघायला नको?”

सगळी रांग घेऊन निघाले. मी पुढे, मागे बादल्या. रस्त्यात आणखी मिळत गेले. सिमेंटवाल्याच्या गोदामामागे त्याचं ऑफिस आहे. तिथे पेढेबिढे चालले असतील असं वाटलं होतं, तर तो एकटाच पंख्याखाली बूट काढून बसला होता. एवढी माणसं आत शिरलेली बघून त्याने आधी बूट शोधले. एकच सापडला. मी त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, “पाणीखात्याला फोन लावा. दुसऱ्या टेबलावरच्याला. खिडकीजवळचा झोपलेला असतो.”

तो म्हणाला, “उद्या बघतो ना वहिनी. सत्कार तरी होऊ द्या.”

 मी खुर्चीत जरा सैल बसले. बायकांनी बादल्या उलट्या केल्या आणि त्यांच्यावर बसल्या.  तो कधी माझ्याकडे बघे, कधी दाराकडे. दारात उभं राहायलाही जागा नव्हती. शेवटी कसंनुसं हसला.

“वहिनी, पण तुम्ही हरलात ना?”

मी म्हटलं, “हो. म्हणून तर आता मला वेळच वेळ आहे.”

त्याने फोन उचलला.

ताई